पागोळीच्या बाहेर

आमचे भोरचे घरमालक जन्मात कधी हॉटेलात गेले नाहीत. हे मला त्यांनीच सांगितलं. आणि एकदा नाही, रोज दोनदा, हॉटेलातला चहा पिऊन परत आल्यावर.

यात खोटं काही नव्हतं. खोटं बोलणाऱ्यातले ते नव्हतेच. संस्थानच्या कचेरीत तीस वर्षं कागद लिहून लिहून ते अशा ठिकाणी पोचले होते, जिथं माणसाला खोटं बोलायची गरजच उरत नाही. शब्दाची नीट व्यवस्था लावली की भागतं. हॉटेलात जाणं म्हणजे काय, याची त्यांनी व्यवस्था लावली होती. छपरावरचं पाणी जिथं खाली पडतं ती पागोळीची रेघ. रेघेच्या आत दुकान, रेघेच्या बाहेर सरकारी रस्ता. मालक रेघेच्या बाहेर उभे राहत. बसत नसत. पेला स्वतःचा. हॉटेलवाल्यानं त्या पेल्याला हात लावायचा नाही, वरून धार धरायची. "उभा असतो तो वाटसरू, बसतो तो गिऱ्हाईक," असं ते म्हणत, "आणि मी वाटसरू आहे." कुठल्या वाटेवरचे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. घर तिथून शंभर पावलांवर होतं.

पावसाळ्यात या व्यवस्थेची कसोटी लागे. एका हातात छत्री, एका हातात पेला, आणि छपराचं पाणी नेमकं पेल्यात. चहा पिऊन संपायच्या ऐवजी वाढत जायचा. हॉटेलवाला तुकाशेट आतून म्हणायचा, "मालक, एक पाऊल आत सरका की." मालक म्हणायचे, "नको, चहा जरा कडकच झाला होता."

तुकाशेटचं हॉटेल मोटरस्टँडला लागून होतं. पण मालकांची संध्याकाळची फेरी तेवढ्यावर संपत नसे. तिथून ते नदीच्या वाटेवरच्या भजीवाल्याकडे जात. तिथं भजी पानात घेऊन उभ्यानं खात, आणि पान टाकलं की खाल्ल्याचा पुरावाही टाकला, असं समजत. मग एका खानावळीच्या मागच्या दाराशी. ती खानावळ एक विधवा बाई चालवत. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एकदा सहज विचारलं होतं, आमटीत मीठ बरोबर आहे का हो बघा. मालक अकरा वर्षं रोज जाऊन त्या प्रश्नाचं उत्तर देत होते. वाटी घेऊन.

शेवटचा मुक्काम गावाबाहेरचा गुत्ता. तिथं मात्र ते थांबत नसत. फक्त नाकाला उपरणं लावायला उभे राहत. उपरणं नाकाला लावायला इतका वेळ लागतो, हे मला भोरला आल्यावर कळलं. दारूचा थेंब त्यांनी कधी तोंडात घातला नाही, पण नुसत्या वासावरून आज तिच्यात पाणी किती, ते त्यांना समजे. आजूबाजूच्या गावांतून बाजाराला आलेली कष्टकरी माणसं गुत्त्याबाहेर त्यांची वाट बघत. "मालक, आज कशी हाय?" मालक त्यांच्याकडे न बघता म्हणत, "मला काय ठाऊक? मी काय पितो?" आणि पुढं जाता जाता हवेला सांगत, "उद्या या." माणसं उठून घरी जात. गुत्तेवाल्यानं एकदा त्यांच्यासमोर हात जोडले होते, म्हणे, की मालक, नदीला जायला दुसरी वाट हाय.

परत आले की ओट्यावर बसून निकाल. "तुक्याचं दूध आज पाण्याशी फारच सलोख्यानं वागलं." किंवा, "भज्यात कांदा होता, अशी माझी माहिती आहे." घरात दुसरं माणूस नव्हतं, बायको जाऊन कैक वर्षं झाली होती. म्हणून निकाल आम्हाला, म्हणजे मागच्या दोन खोल्यांतल्या भाडेकरूंना, ऐकावा लागे. मी एकदा त्यांना विचारलं होतं, एवढा चहा आवडतो तर घरी का करत नाही? ते म्हणाले, "सूनबाई, घरी उभं कुठं राहायचं?" मला तेव्हा हे विनोदी वाटलं होतं. मला तेव्हा पुष्कळच गोष्टी विनोदी वाटत, स्वतः सोडून.

आता स्वतःबद्दल सांगते, कारण त्यावाचून गत्यंतर नाही. मी विंझरची. मराठी सातवी पास, आणि ते समोरच्याला कळेपर्यंत मला चैन पडत नसे. लग्न होऊन भोरला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत चार लुगडी, एक हळदीकुंकवाचा करंडा आणि मासिकांतून कापलेल्या लेखांचं एक पुडकं होतं. स्त्रियांची उन्नती, रूढींचं जोखड, अस्पृश्यता हा कलंक, असले सगळे लेख. ते मी पाठ केले होते. मी सुधारक होते. आमच्या आळीत दुसरी कुणी सुधारक नसल्यानं मला फार वरून बघता येत असे.

तर ही सुधारक बाई भोरला पहिल्यांदा उतरली तो प्रसंग ऐका. विंझरहून नसरापूरपर्यंत बैलगाडी, तिथून भोरची सर्विस मोटर. अंगावर नवं लुगडं, पुढं सासूबाई, मागं मी. स्टँडवर पाय ठेवते तो हॉटेलच्या बाहेर, उन्हात, एक म्हातारा उभा. हॉटेलवाला आतून हात लांब करून त्याच्या पेल्यात वरून चहा ओततो आहे, शिवाशीव होणार नाही अशा बेतानं. अशी धार कुणासाठी धरतात, हे मला आमच्या गावापासून माहीत होतं. छपराच्या खांबाला खिळा होता, खिळ्याला कान अर्धवट तुटलेला एक कप टांगलेला होता. तो कप कुणाचा, तेही माहीत होतं. महारवाड्यातली माणसं बाहेर उभी राहून अशीच चहा पीत. मी लुगड्याचा घोळ आवरला, अंग चोरलं आणि त्या म्हाताऱ्याला चांगला चार हातांचा वळसा घालून पलीकडे गेले.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिकडं कुठं? नमस्कार कर. हे आपले घरमालक."

मी वळसा घालून परत आले आणि त्याच पायांवर डोकं ठेवलं. मालकांनी अष्टपुत्रा सौभाग्यवती भव म्हटलं. पाठ केलेल्या लेखांपैकी एकही त्या वेळी मला आठवला नाही. आठवला असता तरी त्यात म्हाताऱ्याची जात चुकल्यावर काय करावं, हे दिलेलं नव्हतं.

मग लक्षात आलं की खांबाला खिळे दोन होते. एका अंगाला मालकांचा कडीचा पेला, दुसऱ्या अंगाला तो कान तुटका कप. हे अख्ख्या भोरला दिसत होतं. एकट्या मालकांना दिसत नव्हतं, कारण खांब मध्ये होता.

त्या दुसऱ्या कपातून पिणाऱ्यांत एक किसन होता. वेल्ह्याकडचा, भोरला लाकूडफाटा विकायला यायचा. आल्यावर लांबूनच "जोहार मायबाप" म्हणायचा आणि खांबाच्या त्या अंगाला उभा राहायचा. या अंगाला मालक. दोघं कितीएक वर्षं असे पाठीला पाठ लावल्यागत चहा प्याले. बोलायचेसुद्धा. पण एकमेकांशी नाही. दोघंही खांबाशी बोलत. मालक खांबाला विचारत, वेल्ह्याकडे भात कसा आहे. किसन खांबाला सांगे, औंदा बरा हाय. मी देवळात जाता-येता हे ऐकत असे. त्या दोघांइतकं जिव्हाळ्याचं बोलणं आमच्या घरात नवरा-बायकोतही होत नव्हतं. पुढं लढाई सुरू झाली आणि किसन पलटणीत भरती होऊन गेला. मालक बरेच दिवस खांबाशी एकटेच बोलत होते.

माझं लक्ष मात्र खांबाकडे नव्हतं, आत होतं. तुकाशेटच्या हॉटेलात संगमरवरी टेबलं होती. भिंतभर आरसा होता. फोनोग्राफ होता, आणि कढईत भजी तळली जात तेव्हा ती आरशात दुप्पट दिसत. आळीतली कुठलीही बाई त्या दारातून कधी आत गेली नव्हती. मला आत जाऊन बसायचं होतं. आरशासमोर, टेबलावर कोपर टेकून, बशीतून चहा. दुसरी उन्नती मला त्या वेळी सुचत नव्हती. मी हे आमच्या ह्यांना सांगितलं. ते भोवती बघून हळूच म्हणाले, "आईला ऐकू जाईल." सासूबाईंना सांगायचा प्रश्नच नव्हता. मग मालकांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि व्यवस्था सुचवली: "बसू नकोस. वाटी घेऊन रेघेच्या बाहेर उभी राहा. कायद्यानं तुला कुणी काही म्हणू शकणार नाही." मी म्हटलं, उभी राहायची हौस नाही, बसायची आहे. ते म्हणाले, "मग अवघड आहे. मला स्वतःलाच अजून जमलेलं नाही."

लढाई संपली त्या सुमाराला मी पहिलटकरीण होते. सातवा सरून गेला आणि बाळंतपणाला विंझरला जायचं ठरलं. ह्यांना रजा मिळेना, सासूबाईंना हिवताप. मालक म्हणाले, नसरापूरपर्यंत मी येतो. तिथं भाऊ गाडी घेऊन येईलच. त्यांच्या या परोपकाराचं कारण एवढंच, की नसरापूरला नवीन हॉटेल निघाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्याच्यापुढचा रस्ता त्यांना तपासायचा होता.

सकाळी नऊच्या मोटरसाठी आम्ही स्टँडवर आलो. कोळशाची मोटर ती. ती पेटून स्टँडवर यायला वेळ लागे. मी ट्रंकेवर बसले, मालक आपल्या जागी उभे राहिले, तुकाशेटनं धार धरली. तेवढ्यात रस्त्यानं खाकी कपड्यांतला एक माणूस लंगडत आला. किसनच. पायाला गोळी लागून घरी पाठवलेला. मालकांना बघून थांबला. पूर्वीसारखं लांबून नाही, अगदी जवळ येऊन म्हणाला, "रामराम, मालक."

मालक सवयीनं खांबाकडे बघून म्हणाले, "कोण, किसन का? बरा आहेस ना?"

"बरा हाय. लई मुलूख बघितला." त्यानं मालकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग पेला बघितला, मग पागोळीची रेघ. "तुमी अजून हितंच व्हय? एवढी वरसं झाली, अजून आत घेत न्हाईत तुमाला?"

हे तो कुचेष्टेनं म्हणाला की खरंच त्याला वाईट वाटलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. तुकाशेटनं तोवर सवयीनं दुसऱ्या खिळ्यावरच्या कपाकडे बोट दाखवलं होतं. किसननं तो घेतला नाही. तो लंगडत पागोळी ओलांडून आत गेला, आरशासमोरच्या बाकावर बसला, टोपी काढून संगमरवरावर ठेवली.

"तुकाशेट, दोन चा. कपबशीतनं. एक मला, एक मालकांना. म्हातारं मानूस, किती दिस उभं ऱ्हानार? त्यांना आत घ्या. माजी काय हरकत न्हाई."

आत चार गिऱ्हाइकं होती. चौघं उठली. एकजण चिवड्याची बशी हातात घेऊनच उठला. धर्म राहिला पाहिजे आणि चिवडाही. सगळे दाराशी येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या हातांकडे बघून मला कळलं की आता दोन-चार क्षणांत काहीतरी वाईट होणार. किसन त्यांच्याकडे बघत नव्हता. त्यानं हात टेबलावर सरळ पसरून ठेवले होते. तुकाशेट धावत बाहेर आला आणि मालकांपुढं हात जोडून उभा राहिला. "तुमीच सांगा आता. तुमी म्हनाल तसं."

स्टँडवरचं झाडून सगळं माणूस मालकांकडे बघायला लागलं. त्यांनी नुसतं "बाहेर हो" म्हटलं असतं, तर त्या चौघांनी उरलेलं काम आनंदानं केलं असतं. आणि आत पाऊल टाकलं असतं, तर जन्मभर राखलेलं एकुलतं एक व्रत गेलं असतं. शिवाय राममंदिरातल्या उत्सवाच्या पंगतीत त्यांचं पहिलं पान होतं, तेही गेलं असतं. मालकांना दुसरं होतं काय? पेल्यातल्या चहावर साय धरली. त्यांनी खाली, रेघेकडे, बघितलं.

शेवटी म्हणाले, "किसन, मी हॉटेलात जात नसतो रे."

आतून उत्तर आलं, "ठावं हाय मालक. म्या तरी कुठं जात हुतो?"

मालकांनी पहिल्यांदाच खांबाच्या त्या बाजूला वाकून बघितलं. तो कान तुटका कप खिळ्याला तसाच टांगलेला होता. मग त्यांनी आपला चहा रस्त्यावर ओतला, पेला खिळ्याला लावला, वहाणा काढल्या, देवळात जाताना काढतात तशा, रेघेच्या बाहेर, जोडीनं. आणि आत गेले. किसनच्या समोरच्या बाकावर बसले. टेबलावर हात कसे ठेवायचे ते त्यांना माहीत नव्हतं. ते आधी मांडीवर ठेवले, मग किसनचे बघून टेबलावर पसरले. कुणाच्या अंगावर हात टाकायचा ते चौघांना आता ठरवता येईना. चिवडावाला बशी घेऊन रस्त्याला लागला.

चहा आला. मालकांनी बशीत ओतला, फुंकर घातली, घोट घेतला आणि चकित होऊन म्हणाले, "तुका, आतला चहा वेगळा करतोस का रे?"

"न्हाई मालक. त्योच हाय."

"मग हा चांगला का लागतोय?"

"आत वारं लागत न्हाई," किसन म्हणाला. "गार व्हत न्हाई लवकर."

झालं ते एवढंच. पुढं आळीतले वडीलधारे चौकशीला आले तेव्हा मालक ओट्यावर बसून शांतपणे म्हणाले, "मी हॉटेलात गेलोच नाही. किसन लढाईवरून आला होता, त्याला भेटायला गेलो. तो हॉटेलात बसला होता, त्याला मी काय करणार?" आणि चहा? "कुणी प्रेमानं पुढं केलेलं नाकारू नये." प्रायश्चित्त घ्या म्हणाले, तर मालकांनी कशाबद्दल ते लेखी मागितलं. लेखी द्यायला आळीत त्यांच्याइतका कुणी तयारीचा नव्हता. पंगतीतलं पहिलं पान मात्र गेलं. दुसरंही मिळालं नाही. उत्सवाच्या दिवशी ते घरी मेतकूट-भात खात आणि देवळातल्या आमटीचा निकाल आम्हाला वासावरून सांगत.

तुकाशेटनं महिनाभर माशा मारल्या. मग त्यानं दाराच्या आतल्या अंगाला एक वेगळं बाकडं टाकलं, किसनसारख्यांसाठी. म्हणजे रस्त्यावरून दारापर्यंत, अशी सहा पावलं प्रगती झाली. भोरच्या मानानं हा वेगच म्हणायचा. त्या बाकड्यावर बाजाराच्या दिवशी दोघं बसत, एक खाकी टोपी आणि एक उपरणं, आणि आता मध्ये खांब नसल्यानं त्यांची पंचाईत झाली होती. भाताबद्दल नेमकं कुणाकडे बघून बोलायचं ते त्यांना कळत नसे. मालक गेले तेव्हा आळीतल्या माणसांच्या मागं, बऱ्याच अंतरावर, किसन लंगडत नदीपर्यंत आला होता.

ही हकिकत मी आजवर माझ्या सुनांना, नातवंडांना, आणि एकदा महिला मंडळात व्यासपीठावरून सांगितली आहे. त्या वेळी ती अशी सांगितली आहे, की मालकांच्या पाठोपाठ मीही उठले, पोटावर पदर घेतला आणि ताठ मानेनं आत जाऊन तिसऱ्या बाकावर बसले. मंडळात टाळ्या पडल्या. एक नात तर रडली.

खरं झालं ते असं. चहाचा दुसरा घोट घेऊन मालकांनी बाहेर बघितलं. ऊन चढलं होतं. ते म्हणाले, "सूनबाई, उन्हात बसू नकोस. आत ये." किसननं माझ्याकडे न बघता टोपी उचलली आणि बाकावर सरकून जागा केली. माझ्यासमोर आरसा होता, त्यात दुप्पट भजी होती, घरचं कुणी स्टँडवर नव्हतं. मी ज्या ट्रंकेवर बसले होते तिच्यात लेखांचं पुडकं होतं. आणि मी पाय जवळ ओढून घेतले आणि म्हटलं, "नको. मोटर येईल इतक्यात."

मोटर दीड तासानं आली.